दत्तूअण्णाची दहावी विकेट

बाजारात दत्तूअण्णानं टोमॅटो उचलला आणि भाव विचारायच्या आधी मांडीवर घासला. बोटांची जुनी सवय! याच्या बॉलिंगला कीपर म्हणून मी इतका मागं उभा राहायचो, की कॅप्टन सायकलवरून निरोप पाठवायचा. उडालेल्या बेल्स पोस्टानं परत यायच्या.

"अण्णा, दहा विकेट काढल्या ती मॅच सांगा की!" भाजीवाली म्हणाली.

"नऊ," अण्णा म्हणाला आणि टोमॅटो ठेवून चालू लागला.

दहाच होत्या. शेवटचा चेंडू बॅट्समनच्या कानशिलावर बसून स्टंपवर गेला. नियमानं आउट. आम्ही अण्णाला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. अण्णा वरून ओरडत होता, "अरे, तो उठत नाहीये!" ढोलाच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. बॅट्समन वाचला, पण त्याची वाचा गेली. अण्णानं पुन्हा चेंडू धरला नाही.

माणसाचा सर्वांत मोठा दिवसच त्याच्या मानगुटीवर कसा बसतो, कोण जाणे. मी मात्र चाळीस वर्षं ती मॅच रंगवून सांगतोय. त्यातल्या बाकी थापा गमतीच्या आहेत. एक नाही. अण्णाचा पाय माझ्याच खांद्यावर होता. मला ऐकू आलं होतं.