गुळाच्या पारड्यातला दत्तू

माघातल्या एका सकाळी पोशीरचा एक नातेवाईक खोपोलीला आमच्या दारात आला आणि चपला न काढताच म्हणाला, "दत्तू गेला." मी हातातलं ताट खाली ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. दत्ताराम, माहेरचा माझा शेजारी, माझ्याच वयाचा... चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही.

दत्तूच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेलेली. म्हणून त्याची आई, आमची काकी, गावदेवीला नवस बोलली होती, की पोर जगलं तर लग्न होईपर्यंत दर चैत्राच्या जत्रेला त्याची गुळानं तुला करीन. भात तोलायचा तराजू ओटीवर टांगायचे. एका पारड्यात दत्तू, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. तो गूळ गावभर वाटायचे. गेल्या वर्षापेक्षा गूळ कमी भरला तर देवीचा मान कमी केल्यासारखा होईल, असं काकीनं मनाशी धरलेलं. मग काय विचारता! होळी झाली की दत्तूपुढे तूप-गूळ-भाकरी, वर दूध, पुन्हा भाकरी. "पोरगं कसं बाळसेदार हाय!" म्हणून गाव कौतुक करायचं आणि मी, शेजारची काडी, हेव्यानं त्याच्या ताटाकडे बघत बसायची.

एका वर्षी विषमज्वरानं त्याचं वजन उतरलं. काकी रडकुंडीला आली. शेवटी आतून वरवंटा आणून तिनं त्याच्या मांडीवर ठेवला, गूळ मागल्या वर्षाइतका भरला आणि तिचा जीव भांड्यात पडला. "आता देवीला चटनी वाटून दे," म्हणत दत्तू पारड्यातच हसून लोळला.

पुढे ते हसू धापेत अडकायला लागलं. शाळेतून नेरळहून माथेरानला पायी निघालो, तर पहिल्याच चढणीला तो गुडघे धरून बसला. मास्तर म्हणाले, आळशी. आळशी! पुढं भातगिरणीत दिवसभर उभा राहून पोती तोलायचा तो. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. वयात आला की अंग उतरेल, असं सगळे म्हणत. उतरलं नाही. तिशीच्या आतच साखर निघाली, मग रक्तदाब, मग पायाची जखम भरेना. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, लहानपणापासून हे ओझं वाहून हृदय थकलंय. काकीला ते पटलं नाही. "वाळलाय माजा पोर, आनि ह्ये म्हनतात खायला घालू नका!"

दिवाळीत भेटला तेव्हा पाय पाटावर ठेवून बसला होता. अंगणात त्याची लेक नमी, त्याच्यासारखीच गुबगुबीत, धावता धावता मधेच थांबून दम खात होती. तिच्या आजारपणात काकी पुन्हा तोच नवस बोलली होती. तो हळूच म्हणाला, "नमीला पारड्यात बसवू देऊ नको गं. माजं आई ऐकत नाय. तू सांग."

चैत्रात मी पोशीरला गेले. दुखवट्याचं वर्ष, तरी नवस चुकवायचा नाही म्हणून ओटीवर तराजू टांगला होता आणि नमी पारड्यात बसून झोके घेत होती. एसटीत घोकलेले शब्द कुठल्या कुठे गेले. "काकी, दत्तूनं नको म्हणून सांगितलंय," एवढंच तोंडातून निघालं.

काकी ढेप हातात घेऊन उभी राहिली. मला वाटलं, आता अंगावर येईल.

"मग काय उपाशी ठेवायचा हुता त्याला?" ती म्हणाली. तिला तो फक्त जगायला हवा होता...

"आजी, टाक ना गूळ!" नमी ओरडली.

"उतर गं बाय," म्हणून काकीनं तिला उचलून खाली ठेवलं. आत गेली, तोच वरवंटा घेऊन आली आणि पारड्यात ठेवला. दुसरीकडे ढेपेचा तुकडा टाकत, काढत पारडी सारखी केली. मूठभर माणसांना पुरेल एवढाच गूळ भरला. तराजू हलायचा थांबेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"त्या वर्सी बी देवी काय बोलली नवती, नाय का गं?" तिनं मला विचारलं.