वाढत्या अंगाचा शर्ट

गुलमंडीत आमचं शाळेच्या गणवेशाचं दुकान होतं आणि बारावीनंतर मी गल्ल्यावर बसायचं, हे वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं. मला मात्र कॉम्प्युटरचा एक वर्षाचा डिप्लोमा करायचा होता. सुट्टीत दुकानाच्याच वरच्या मजल्यावर मी क्लास लावला होता, तिथं हे वेड लागलं. वडील म्हणाले, "आपल्या दुकानाच्या कामाचं काय तरी करून दाखव त्याच्यावर. मग बघू."

पोराचं वय टाकलं की शर्टाचा नंबर यावा, असा प्रोग्राम करायचं मी ठरवलं. क्लासात 'स्विच' ही आज्ञा नुकतीच शिकवली होती. आकडा दिला की मशीन त्या आकड्याच्या कप्प्यापाशी, म्हणजे 'केस'पाशी, जातं आणि तिथं लिहिलेलं काम करतं. मी थाटात लिहिलं, केस सहा ते सात. मशीन अडून बसलं. क्लासचे सर म्हणाले, "केसला एकच आकडा लागतो. 'ते' चालत नाही." पुष्कळ डोकं खाजवल्यावर सुचलं, वयाला दोननं भागावं. सहाचे तीन, सातचे साडेतीन, पण पूर्णांकात अर्धा गळून जातो, म्हणजे तीनच. दोन्ही वयांची पोरं एकाच केसमध्ये. मी एकटीच हसत घरी गेले.

वडील बघायला आले. चपला दाराबाहेर काढून, हात मागे बांधून क्लासच्या गार खोलीत उभे राहिले. मी सहा टाकले. पडद्यावर सव्वीस उमटलं, त्याखाली अठ्ठावीस, तीस, बत्तीस. प्रत्येक केसच्या शेवटी ब्रेक लिहावा लागतो, नाहीतर मशीन खालच्या सगळ्या केस करत सुटतं. तो मी विसरले होते.

"एका पोराला चार शर्ट?" वडील म्हणाले. "धंद्याला लई चांगलंय."

मी घाईघाईनं ब्रेक घातले. आता नुसतं सव्वीस आलं.

"चुकलं," ते म्हणाले. "सहाच्या पोराला आपण सव्वीस देतो व्हय? अठ्ठावीस देतो. वाढत्या अंगाचा."

खरंच होतं. आमच्या दुकानात कुठल्याच आईनं मापाचा शर्ट नेला नाही. मी स्वतः शाळाभर कमरेशी दुमडलेले स्कर्ट घातले, आणि मशीनसमोर बसल्यावर नेमकं तेच विसरले. मी गुपचूप सगळे नंबर दोन-दोननं वाढवले. आता गल्ल्यावर बसणं काही चुकत नाही, असं वाटून रडू यायला लागलं.

जिना उतरताना वडिलांनी विचारलं, "हे शिक्षण एकच वर्षाचं असतं का?"

"तीन वर्षांची डिग्री पण असते," मी म्हणाले. ती मागायची माझी छाती झाली नव्हती.

"मग तीच घे. सुरुवातीला ढगळ वाटंल. मग हुईल अंगाबरोबर."

दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. ते टेप गळ्यात अडकवून कामाला लागले आणि मी पायरीवरच बसून पोटभर रडून घेतलं.