आमटीसाठी कॅरिअर

मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी वर्गणी काढून मला सायकल दिली. ठाण्याच्या मोठ्या दुकानातून आणलेली. एकवीस गिअर, पुढे-मागे डिस्क ब्रेक. आणि कॅरिअर, स्टँड, मडगार्ड, घंटी यांपैकी काहीही नाही. भिंतीला टेकवून ठेवायची आणि नुसतं बघून तंदुरुस्त व्हायचं, अशी कल्पना असावी. साहेब भाषणात म्हणाले, "आता स्वतःसाठी जगा." मी मान डोलावली. स्वतःसाठी जगायला सुरुवात करण्याआधी मला रोज दुपारी आईला डबा पोचवायचा होता.

आई ठाकुर्लीला एकटी राहते. बाबा रेल्वेत होते तेव्हापासूनची चाळीतली ती दोन खोल्यांची जागा सोडून डोंबिवलीला आमच्याकडे यायला तिचा साफ नकार आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावर तिला अधांतरी वाटतं म्हणे. गेल्या वर्षी ती आजारी पडली, त्यातून उठली, पण जेवण गेलं ते गेलं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "औषधं मी देतो, खायला तुम्ही घाला." दात नाहीत आणि कवळी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलेली, म्हणजे आमटी-भातच. ती चार घास जेवली पाहिजे, एवढं एकच काम माझ्याकडे उरलं होतं. ऑफिसात बारा कामं असायची आणि त्यातलं एकही झालं नाही तरी चालायचं.

पहिले काही दिवस डब्याची पिशवी हँडलला अडकवून नेली. ठाकुर्लीपर्यंतचा रस्ता कायम खणलेला असतो. कशासाठी खणलाय, तेवढं फक्त बदलतं. पोचेपर्यंत निम्मी आमटी पिशवीत. मग सॅक केली, तर गरम आमटी पाठीवरून खाली उतरली. आई दारातच म्हणाली, "मेल्या, आमटी आणलीस का शर्ट रंगवून आणलास?" मग कुरकुरत गॅस पेटवायची, पातळ पिठलं टाकायची आणि दोन ताटल्या काढायची. "आलाच आहेस तर चार घास खा." मी खायचो, आणि घरी जाऊन पुन्हा जेवायचो, कारण बायकोला हे सांगायची सोय नव्हती. निघताना आई डबा घासून त्यात काहीतरी घालायची. कधी मूठभर शेंगदाणे, कधी दोन चिकू, काहीच नसलं तर चमचाभर साखर. डबा रिकामा परत करायचा नसतो, हा तिचा कायदा.

पण माझ्यातला जबाबदार मुलगा जागा झाला. ऐंशी ओलांडलेल्या बाईला रोज गॅसपुढे उभं करतोस, लाज नाही वाटत? कॅरिअर लावायचंच, असं मी ठरवलं.

स्टेशनजवळच्या सायकलवाल्याने सायकल उलटी करून पाहिली. "काका, फ्रेमला होलच नाहीत. स्पोर्ट्स मॉडेल आहे. कॅरिअर लावलं तर लुक जाईल."

"माझा कधीच गेलाय," मी म्हटलं. "तुम्ही होल पाडा."

"अल्युमिनियमला ड्रिल मारू? उद्या फ्रेम तुटली की मलाच शोधत याल."

शेवटी त्याने सीटच्या दांड्याला एकाच पकडीने बसणारं, खालून आधार नसलेलं कॅरिअर गळ्यात मारलं. दुसऱ्या खड्ड्यात ते गर्रकन फिरलं. मी सरळ निघालो होतो, डबा डावीकडे निघाला होता. त्या दिवशी आमटीबरोबर भातही गेला. आईने पिठल्याबरोबर भाताचा कुकरही लावला आणि मी तिच्यापेक्षा जास्त जेवलो.

मग विषय सोसायटीत गेला. आमच्या बिल्डिंगमधली पाण्याची गळती सात वर्षं कुणाला सापडलेली नाही, पण माझ्या कॅरिअरवर खाली बाकड्यावर तीन बैठका झाल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी वहीच्या कागदावर आकृती काढली, बाणबिण दाखवले आणि म्हणाले, "मूळ प्रश्न असा आहे, की ही सायकल आपल्या गरजेनुसार निवडायला हवी होती." मी त्यांचे आभार मानले. ग्रुपवर कुणीतरी परदेशातल्या सायकलींचा व्हिडिओ टाकला, त्यावर पंधरा जणांनी अंगठे दाखवले आणि प्रश्न सुटल्यासारखं सगळे आपापल्या घरी गेले.

सोडवला तो प्लंबरने. शीळफाट्याकडून यायचा, त्याच अमर गळतीसाठी. त्याने सायकलकडे एकदा पाहिलं. "पाइपच आहे ना काका? मग पाइपला क्लॅम्प मारायचा. टेन्शन कशाला घेताय?"

नळाचे पाइप भिंतीला धरून ठेवतात ते क्लॅम्प त्याने पिशवीतून काढले. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून फ्रेमला गुंडाळल्या, म्हणजे क्लॅम्प घसरणार नाही आणि रंगही खरवडणार नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक क्लॅम्प, सीटखाली तिसरा, आणि त्यांवर दूधवाल्यांच्या सायकलीला असतं तसलं जुनं लोखंडी कॅरिअर. कॅरिअरचा डावा पाय डिस्क ब्रेकला अडत होता. त्याने बोटभर पाइपचा तुकडा कापून बोल्टात ओवला आणि पाय तेवढा बाहेर सरकवला. इंजिनिअर कमरेवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "लोड नीट ट्रान्सफर होणार नाही." प्लंबर उठला आणि कॅरिअरवर मांडी घालून बसला. "झाला बघा ट्रान्सफर." गळती मात्र त्यालाही सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी आठ मिनिटांत ठाकुर्ली, आणि आमटी एक थेंब सांडली नाही. मी डबा टेकवला, "गरम आहे, खाऊन घे, डबा उद्या नेतो," म्हटलं आणि निघालो. तेव्हापासून रोज भरलेला डबा टेकवायचा, आदल्या दिवशीचा उचलायचा. घरी वेळेवर, एकदाच जेवलो. ग्रुपवर कॅरिअरचा फोटो टाकला. आठवडाभर मी इतका समाधानी होतो की सायकल रोज पुसायचो.

परत येणाऱ्या डब्यात नेहमीप्रमाणे काही ना काही असायचंच. एके दिवशी बायकोने झाकण उघडलं तर आत आमचीच आमटी. दुसऱ्या दिवशी आमटी आणि भात. तिसऱ्या दिवशी डबा जसा गेला तसा आला.

मी तणतणतच गेलो. "अगं, एवढा खटाटोप कुणासाठी केला मी?"

आई दाराशी येऊन कॅरिअर पाहायला लागली. "चांगलं लावलंयस की. मजबूत दिसतंय."

"मग जेवत का नाहीस?"

"एकटीला भूक लागत नाही रे," ती म्हणाली. तक्रार नव्हती. आज पाणी उशिरा आलं, असं सांगावं तसं सांगितलं. तेव्हाही मी उंबऱ्याबाहेरच होतो, चपला पायात, सायकल हातात. मला माझी लाज वाटली. ती रोज मला जेवायला बसवत होती, आणि मी समजत होतो की तिच्यामागे काम लावतोय. तीन क्लॅम्प आणि आठ बोल्ट लावून मी तेवढं बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बायको डबा भरायला लागली तेव्हा म्हटलं, "आमटी नको घालूस." तिने का म्हणून विचारलं नाही. आमटीचा कप्पा नुसताच लावला आणि म्हणाली, "मग तुमचं पान घेत नाही मी." म्हणजे हिला सगळं आधीपासून माहीत होतं.

आईला म्हटलं, "आमटी सांडली."

ती बाहेर आली. कॅरिअरवरून हात फिरवला, कोरडं. डबा आत नेऊन कप्पा उघडला, घासलेला, लख्ख.

"सांडली?"

"सांडली."

"सगळी?"

"थेंब नाही उरला."

तिने कप्प्याचं झाकण लावलं. "मेल्या, एवढं लोखंड जोडलंस आणि उपयोग शून्य," असं म्हणत तिने बेसनाचा डबा खाली काढला आणि मांडणीवरून दोन ताटल्या घेतल्या. मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.