पट्टीवरचं तेल

डिझेल गाडी परवडते, असं आता कुणी माझ्या घरात म्हटलं तर मी त्याला भरल्या ताटावरून उठवीन. चार वर्षं हेच वाक्य मी स्वतः लोकांना ऐकवत होतो, म्हणून जास्तच चिडतो.

इथे परदेशात, टार्निट नावाच्या उपनगरात घर घेतलं त्याच वर्षी मी ही गाडी सेकंडहँड घेतली. छोटी हॅचबॅक, सोळाशे सीसीचं डिझेल इंजिन, चार सिलिंडर, टर्बो, सहा गिअर. इथे शंभर किलोमीटरला किती लिटर लागतं ते सांगतात. मी फोनवर गणित उलटं करून लिटरला किती किलोमीटर ते काढलं, कारण पुण्यात कॉलेज केलेल्या माणसाला त्याशिवाय ॲव्हरेज कळत नाही. वीसच्या वर निघालं. झालं, माझा विचार तिथेच संपला. ही गाडी रोज जाणार कुठे आहे, हा प्रश्न मला पडलाच नाही.

ती जायची स्टेशनपर्यंत. साडेतीन किलोमीटर, दोन सिग्नल, तीन राउंडअबाउट. सिग्नल लाल दिसला की मी इंजिन बंद करायचो. पुण्यातली सवय, स्कूटरपासूनची. बायको म्हणायची, मागचे लोक हॉर्न देतात. मी म्हणायचो, देऊ देत, त्यांच्या बापाचं डिझेल जळत नाहीये. स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की इंजिन तत्क्षणी बंद. कधीकधी किल्ली काढल्यावरही बॉनेटखालचा पंखा घोंघावत राहायचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. मी त्या पंख्याकडे पाठ करून ट्रेन पकडायचो.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण राग खरा इथूनच सुरू होतो. डिग्री मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. कॉलेजच्या वर्कशॉपनंतर मी हातात पाना धरलेला नाही. पण कुठे गाड्यांचा विषय निघाला की टॉर्क, कॉमन रेल, टर्बो हे शब्द माझ्याच तोंडून आधी बाहेर पडतात.

बाबांनी पाना तेहतीस वर्षं धरला. कराडला ट्रकच्या गॅरेजात ते फोरमन होते. रिटायर झाल्यावरही गल्लीतली पोरं आपापल्या गाड्या दाराशी आणून उभ्या करायची. बाबा खुर्चीवरून न उठता आवाज ऐकायचे आणि सांगायचे, नोझल गेलाय, किंवा, काही झालेलं नाही, एअर फिल्टर झटक. पैसे घेत नसत. चहासुद्धा आपल्याच घरचा पाजायचे.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबरात, ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी तिकडेच थांबली होती, त्यामुळे एकटेच. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पाहिलं तर ड्राइव्हवेमध्ये बॉनेट उघडं आणि बाबा वाकलेले. इंजिन ऑइलची पातळी बघायची जी डिपस्टिक असते, तिला ते पट्टी म्हणत. पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा ओढायची आणि उजेडाकडे धरायची. तेहतीस वर्षं सकाळची सुरुवात त्यांनी अशीच केली होती.

"बाबा, इथे कुणी रोज ऑइल बघत नाही. वर्षातून एकदा सर्व्हिस होते," मी म्हणालो.

"बघायला काय जातंय?" ते म्हणाले.

दोन आठवड्यांनी ते पट्टी तशीच हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात आले. "तेल वाढलंय."

मला ऑफिसचा कॉल होता. मी म्हणालो, "तेल कमी होतं, बाबा. वाढत नाही."

"आलो तेव्हा वरच्या खुणेच्या खाली होतं. आता वर गेलंय. बोटभर."

"पट्टी तिरकी धरली असेल."

त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि परत गेले. आणखी एक गोष्ट ते सारखी सांगायचे: टर्बोची गाडी आल्या आल्या बंद करू नये, मिनिटभर चालू ठेवावी. मी म्हणायचो की तुमच्या काळातल्या इंजिनांचं ते शास्त्र झालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल पार्किंगमध्ये पंखा फिरवत उभा असायचा, मला ऐकू येत नव्हतं.

मग जानेवारीच्या शेवटच्या वीकेंडला मागच्या अंगणात बार्बेक्यू होता. चार मराठी घरं, एक पंजाबी. सगळे आयटीतले, एक जण कालगुर्लीच्या खाणीतून सुट्टीवर आलेला. नेहमीप्रमाणे गाड्यांवर गाडी आली. एकाने विचारलं, "तेरी वाली कितना ॲव्हरेज देती है?" मी छाती फुगवून सांगितलं. बाबा बाजूच्या खुर्चीवर कणीस खात बसले होते. ते म्हणाले, "इंजिन चांगलं आहे, पण तेलाला डिझेलचा वास येतोय. दाखवून घे म्हणतो मी याला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेकॅनिकल इंजिनिअरकडे. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"डिझेलची गाडी आहे, बाबा," मी म्हणालो, "डिझेलचाच वास येणार. अत्तराचा येईल का?"

लोक हसले. कालगुर्लीवाला तर कपाळावर हात मारून हसला. मला चेव आला. मी पुढे म्हणालो, "तेल वाढतंय म्हणतात! कुठल्या इंजिनात तेल वाढतं? बाबा, डोळे दाखवून घ्या एकदा. तुम्हाला आता दिसत नाही."

बाबाही थोडं हसले. कणीस अर्धं राहिलं होतं, ते त्यांनी संपवलं, सालं गोळा करून डब्यात टाकली आणि आत गेले. रात्री बायको म्हणाली, "असं चारचौघांत बोलायची गरज होती का तुला?" मी तिच्यावरही खेकसलो. दुसऱ्या सकाळी बॉनेट उघडलं गेलं नाही. तिसऱ्याही नाही. ते फडकं गॅरेजच्या खिळ्यावर घडी घालून टांगलेलं होतं. मला तेव्हा बरंच वाटलं, हे कबूल करतो. कटकट गेली म्हणालो.

मार्चमध्ये त्यांना विमानतळावर सोडायला निघालो. रिंग रोडला लागलो आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला, मग आणखी एक. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढेना. ट्रक भोंगे वाजवत बाजूने जात होते आणि आम्ही धोक्याचे दिवे लावून डाव्या कडेने साठने रांगत होतो. मी स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"रोज ते बॉनेट उघडायचं, रोज ती पट्टी उपसायची!" मी ओरडलो. "काहीतरी हलवलंत तुम्ही त्यात. ट्रक नाहीये हा, बाबा. इथे सगळं सेन्सरवर असतं."

मागच्या सीटवरून बायकोने माझ्या खांद्याला हात लावला. तो मी झटकला. बाबा मांडीवर पासपोर्टची पिशवी घेऊन समोर बघत होते. जानेवारीपासून त्यांनी बॉनेटला हात लावला नव्हता आणि ते मला माहीत होतं. तेही माहीत असून ओरडलो, आज सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. ते एवढंच म्हणाले, "चुकून काही लागलं असेल रे माझ्याकडून." विमान मिळालं. आत जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मी ट्रॉली सरळ करत होतो.

दोन दिवसांनी गाडी टो करून स्टेशनपलीकडच्या गॅरेजात नेली. तिथला मेकॅनिक माझ्याच वयाचा, दाढीवाला, कोपरापर्यंत काळा. कॉम्प्युटर जोडायच्या आधी त्याने बॉनेट उघडलं आणि डिपस्टिक ओढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली, उजेडाकडे धरली. दोन बोटांत तेल चोळलं आणि नाकाशी नेलं.

"मेट," तो म्हणाला, "धिस इज हाफ डिझेल."



त्याने मला समजावलं, नो वरीज करत, लहान मुलाला समजावतात तसं. असल्या गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. तो भरला की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून त्याला तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग, फ्रीवेच्या वेगाने चालावं लागतं. मधेच इंजिन बंद केलं तर जाळणं अर्धवट राहतं आणि ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून तेलात मिसळतं. तेल वाढतं. पातळ होतं. पुढे टर्बो जातो, बेअरिंग जातं. किल्ली काढल्यावर पंखा फिरत असेल तर समजायचं की आपण ते जाळणं मधेच तोडलं. कॉम्प्युटरवर त्याने यादी दाखवली, अर्धवट राहिलेल्या जाळण्यांची. ती खाली सरकवता सरकवता बाबा येण्याच्या कितीतरी आधीच्या तारखा आल्या. स्टेशनची एकेक सकाळ त्यात होती.

"डिडन्ट एनीवन चेक द ऑइल?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "नो."

हे माझं उत्तर. पुस्तिका चार वर्षं गाडीच्या कप्प्यात प्लास्टिकसकट पडली होती, तिच्यातही हे सगळं लिहिलेलं निघालं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण आमच्या घरी तर दारात आणून फुकट देत होते आणि मी हाकलून दिलं. गाडी दुरुस्त झाली. फिल्टर नवा, तेल नवं, टर्बो थोडक्यात वाचला. आता शनिवारी मी काहीही काम नसताना तिला फ्रीवेने जीलाँगपर्यंत पळवून आणतो आणि जाता-येता स्वतःला शिव्या देतो.

बाबांनी फोनवर विचारलं, गाडीला काय झालं होतं? मी म्हणालो, सेन्सर गेला होता. एका शब्दात निभावलं. पुढे प्रत्येक रविवारी कॉल व्हायचा, बहिणीचं बाळ दाखवलं जायचं, आणि प्रत्येक रविवारी मी ठरवायचो की आज सांगू. अडीच-तीन महिने गेले. शेवटी जूनमध्ये बायकोने फोन माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

"बाबा," मी म्हणालो, "ते तेल खरंच वाढलं होतं. डिझेल उतरत होतं त्यात. तुमच्यामुळे काही झालं नव्हतं, माझ्यामुळे झालं. माझं चुकलं."

मला वाटलं होतं ते खूश होतील. निदान एक टोमणा मारतील, त्याची मी तयारी ठेवली होती. त्यांनी आधी विचारलं, "नोझल गळत होता?" मी सगळं सांगितलं, फिल्टर, जाळणं, पंखा. ते मन लावून ऐकत होते. मधेच म्हणाले, "हां, म्हणजे वास बरोबर होता."

मग स्क्रीनवर ते जरा बाजूला बघायला लागले.

"मी इकडे परत आल्या आल्या डोळे दाखवून आलो होतो," ते म्हणाले. "तू म्हणाला होतास ना. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. मग म्हटलं, हातच गेला असेल आपला. वासही नीट येत नसेल. पोरं यायची गाड्या घेऊन, त्यांना सांगितलं, आता मला नाही रे कळत, दुसरीकडे न्या."

"त्यांना परत बोलवा ना, बाबा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, पण ओरडायला समोर कुणी नव्हतं. "सांगा त्यांना, मुलगा चुकला होता."

"आता त्यांना दुसरीकडची सवय लागली," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, तिकडे थंडी पडली का.