विनूभैयांचे ‘येतो’

श्री. विनायकराव आंबुलकर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते रागाने. एका वॉशिंग मशीन कंपनीची माहिती सांगणारी मुलगी म्हणून मी रायपूरच्या तात्यापारा भागातल्या त्यांच्या घरगुती यंत्रांच्या दुकानात उभी होते. पहिलाच दिवस. गुढियारीहून आलेल्या एका बाईंना मी ऑटोमॅटिक मशीनचे सगळे गुण घडाघडा सांगितले आणि त्या घ्यायला तयारही झाल्या. तेवढ्यात काउंटरमागून विनायकरावांनी विचारले, "दीदी, आपके यहाँ नल कितनी देर आता है?" नळ जेमतेम अर्धा तास यायचा. "तो ये मत लीजिए," म्हणून त्यांनी बाईंना बादलीने पाणी भरता येणारे साधे मशीन दिले. मी फुगून बसले. दुपारी ते म्हणाले, "मशीनबद्दल तू सगळं सांगितलं, पोरी. तिच्या घराबद्दल काही विचारलंच नाही."

रायपुरात त्यांना विनायकराव कोणी म्हणत नाही. सगळ्यांचे ते विनूभैया. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी सत्कार समितीने मला ‘बदलता व्यापार आणि विनूभैया’ असा विषय दिला. मी आता जाहिरात आणि मार्केटिंगची छोटी कंपनी चालवते, म्हणून असेल. पण या विषयावर मी लिहायचे तर माझी एक चूक आधी सांगावी लागेल. समितीने चालवून घ्यावे.

त्यांच्या दुकानाची एक रीत होती. वस्तू विकल्यावर आठव्या दिवशी विनूभैया स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जात. चहा समोर आला तरी हात लावत नसत. आधी घरातल्या बाईंनी त्यांच्यासमोर मशीन चालवून दाखवायचे, मग चहा. कोणाचे काही बिघडले की फोनवर त्यांचे एकच उत्तर असे, "हव, उद्या सकाळी येतो." आणि ते जात. मोबाइलवर खरेदी सुरू झाली तेव्हा लोक दुकानात टीव्ही निरखून बघत आणि घरी जाऊन दुसरीकडून मागवत. आम्ही चरफडायचो. विनूभैया मात्र त्याच लोकांना रिमोट शिकवायलाही जात. "काहून जाता?" असे मी एकदा वैतागून विचारले. "त्याले चालवता येऊन नाही राहिलं न," एवढेच ते म्हणाले. स्वभावाने ते हट्टी आहेत, ‘महाबचत’ असा फलक त्यांनी दुकानावर कधी लावू दिला नाही, आणि बोलायला लागले की समोरच्याची बस चुकते, हेही इथे नोंदवून ठेवते.

तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे एक नवी गोष्ट घेऊन गेले. दुकानाचे फोन आता संगणकच घेईल, आणि तेही हुबेहूब त्यांच्या आवाजात. फोनवरच्या त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रित संभाषणांवरून मी तो आवाज तयार करून घेतला होता. गिऱ्हाइकाला वाटावे, विनूभैयाच बोलत आहेत. ते नाखूश होते. मी हट्ट धरला. सगळीकडे हेच चालले आहे, तुम्ही मागे पडाल, वगैरे सगळे ऐकवले. शेवटी माझ्या शब्दाखातर ते हो म्हणाले.

संगणकाने त्यांच्या संभाषणांतून त्यांचे नेहमीचे वाक्यही उचलले. तक्रार आली की तो सांगे, "हव, उद्या सकाळी येतो." कोणाकडे जायचे त्याची यादी माझ्या ऑफिसात जमत होती आणि ती रोज दुकानात पाठवणे माझे काम होते. पहिले चार दिवस मी ती उघडलीच नाही. हा आवाज इतर दुकानदारांना ऐकवून शाबासकी मिळवण्यात मी दंग होते.

पुरानी बस्तीतल्या पाध्ये बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, मधुमेहाच्या. त्यांचा फ्रिज बंद पडला आणि आत त्यांचे इन्सुलिन होते. त्यांनी फोन केला. ‘विनू’ उद्या सकाळी येतो म्हणाला. शेजाऱ्यांनी दुसरा मेकॅनिक आणू का विचारले, तर बाई म्हणाल्या, "विनू येतो म्हणाला न, येईलच." त्यांनी दोन दिवस वाट पाहिली. उन्हाळ्यात इन्सुलिन खराब झाले आणि तिसऱ्या दिवशी बाईंना चक्कर आली. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेले आणि दुकानात निरोप पाठवला.

दुकानातून मला फोन आला आणि मी धावत पोचले. बाईंचे काही बरेवाईट झाले असते तर, याखेरीज डोक्यात काही नव्हते. मी सगळे सांगितले. विनूभैयांनी ऐकून घेतले आणि विचारले, "आवाज कोणाचा होता?"

"तुमचा."

"मग कबूलही मीच केलं. चल, गाडी काढ."

दवाखान्यात बाई शुद्धीवर होत्या. विनूभैया हात जोडून म्हणाले, "बाई, माझं चुकलं. येतो म्हणालो अन् आलो नाही." संगणकाचे नाव नाही, माझे नाव नाही. मागे उभी असलेली मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून ती यादी मागितली. सदतीस घरे होती. बाहत्तराव्या वर्षी, वैशाखाच्या उन्हात, ते त्या प्रत्येक घरी गेले. गाडी मी चालवत होते. गुढियारीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी दार उघडून सांगितले, "भैया, हमने तो दूसरे से बनवा लिया." विनूभैया धापा टाकत म्हणाले, "अच्छा किया. मैं तो माफी माँगने आया हूँ." सदतिसावे घर झाल्यावर मी म्हणाले, आता हा धंदा सोडते. ते चिडले. "काहून? एकदा चुकली म्हणून सोडते काय? मग मी तर केव्हाच सोडायला पाहिजे होतं." पाध्ये बाई बऱ्या झाल्या. आजही त्या त्यांना विनूच म्हणतात आणि माझ्याशी मात्र जरा तोलून बोलतात. ते योग्यच आहे.

संगणक त्यांनी फेकून दिला नाही, हे त्यांना जुनाट म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते. त्याने निरोप घ्यावेत, पण संगणकाच्या आवाजात, आणि आधी सांगावे की मी माणूस नाही. ‘येतो’ हा शब्द मात्र ज्याला जायचे आहे त्यानेच उच्चारावा, असे त्यांनी ठरवून दिले. माझ्या कंपनीत आज हाच नियम आहे. काही गिऱ्हाइके त्यापायी गेली.

गेल्या वर्षापासून विनूभैयांचा घसा बिघडला आहे. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितले आहे आणि जे बोलतात ते कुजबुजल्यासारखे येते. त्यांचा तो जुना खणखणीत आवाज आता फक्त माझ्या संगणकात आहे. समितीने सुचवले की सत्काराला उत्तर म्हणून त्यांचे भाषण त्या आवाजात ऐकवावे. यंदा मी आधी विचारायला गेले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "चार वाक्यं बोलीन, पण मीच बोलीन. ऐकू नाही आलं तर लोकांले म्हणा, जवळ या."

विनूभैया, मी पहिल्या रांगेत असेन आणि तिथूनही उठून जवळ येईन. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, ही चार वाक्ये दरवर्षी तुमच्याच तोंडून ऐकायला मिळोत, आणि शंभराव्या वर्षी आम्हाला तुमच्या अगदी ओठांशी कान न्यावा लागला तरी चालेल. आम्ही येतो.