आधी कान तपासा

"जिभेला काही झालेलं नाही. मुलीला ऐकू कमी येतं," पुण्याचे डॉक्टर म्हणाले आणि माझं डोकं सणकलं. हिअरिंग लॉस, कानाची नस कमजोर असल्यामुळे. पण त्याआधीच नगरच्या एका डॉक्टरने जीभ चिकटलीय म्हणून माझ्या चार वर्षांच्या कमलच्या जिभेखालची शीर कापली होती. टाळी वाजवल्यावर ती वळली, एवढ्यावरून कान ठीक आहेत असं त्याने ठरवलं होतं. तिचं ते रडणं आठवलं की अजून माझ्या मुठी वळतात.

कानाला यंत्र मिळालं. डबी फ्रॉकच्या खिशात, वायर कानापर्यंत. सोबत दवाखान्यात स्पीच थेरपी, म्हणजे बोलायला शिकवणं. तिथल्या मोठ्या साहेबांची रीत ठरलेली होती. मेणबत्ती फुंका, शिट्टी फुंका, जीभ वर-खाली करा. आजार कोणताही असो, प्रत्येक पोराला तेच. कमल शिट्टी बघितली की तोंड फिरवायची.

घरी माझ्या आईचं वेगळंच. ती पोपटाने टोचलेले पेरू हुडकून आणायची. "पोपटाचं उष्टं खाल्लं की पोर बोलतंय. लई जणांचं झालंय."

एक दिवस कमल तिच्या आईला "आ" म्हणाली. लगेच सगळे पुढे सरसावले. माझी आई म्हणाली पेरू, साहेब म्हणाले शिट्टी. शीर कापणारा डॉक्टरही रस्त्यात भेटून म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं!" त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साहेबांच्या हाताखाली एक नवीन बाई होत्या. त्यांना मी विचारलं, नक्की कशाने झालं?

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. असं सरळ सांगणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. "नवं औषध आलं की ते काहींना देतात, काहींना देत नाहीत, आणि फरक बघतात. आमच्याकडे फुंकण्याचा उपयोग होतो का, हे कुणी पाहिलेलंच नाही. आपण ते बंद करून बघू. बोलणं मागे पडलं तर पुन्हा सुरू करू."

मी नागापूरच्या कारखान्यात फिटर. मशीन आवाज करायला लागलं की आम्ही चार नट एकदम फिरवत नाही. एक फिरवतो, ऐकतो. मला ते लगेच पटलं.

साहेब भडकले. "पोरीच्या आयुष्याशी खेळताय!" भीती मलाही होती. तो "आ" गेला तर?

आधी शिट्टी बंद, महिन्याने पेरूही बंद. माझी आई रुसून बसली. यंत्र लावून कमलशी जवळून बोलायचं, तिला हवी ती वस्तू दाखवून नाव घ्यायचं, एवढंच ठेवलं. "आ" गेला नाही. त्याचा "आई" झाला, मग "पानी" आलं.

"एका मुलीवरून सगळ्यांचं ठरत नाही," बाईंनी बजावलं. म्हणून मीही शिट्टी फेकून द्या म्हणत नाही. पण आधी कान तपासून घ्या, आणि कोणी काही करायला सांगितलं तर त्याने फरक पडतो हे कशावरून, ते विचारा. डॉक्टर रागावला तर रागावू द्या.

पुढच्या खेपेला साहेबांनी कमलच्या तोंडाशी पुन्हा शिट्टी धरली. तिने त्यांचा हात ढकलला आणि अख्खी खोली ऐकेल असं ओरडली, "न्हाई!"

साहेबांनी शिट्टी टेबलावर ठेवली. बाई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडलो.