दादाचा तलावावरचा शेवटचा मुक्काम

दादा गेल्याची बातमी मला त्याच्या मुलानं कळवली नाही. उकव्याच्या खाणीत दादाबरोबर काम केलेल्या एका सोबत्याच्या बायकोचा सकाळी फोन आला. मला माहीतच असणार असं समजून तिनं विचारलं, "कुंदाबाई, नागपूरले कितीच्या गाडीनं निघता? आमचे हे पण येतो म्हणून राह्यले." मी म्हटलं, "कायले?" पलीकडून ती हळू आवाजात म्हणाली, "तुमाले कोणी सांगतलं नाही काय?" सख्ख्या भावाचं मरण मला असं कळलं, गाडीच्या चौकशीतून. नागपूरला पोचले तेव्हा अंगणात माणसं निघायच्या तयारीत उभी होती. प्रशांत, दादाचा एकुलता एक मुलगा, दारातच भेटला. मी जवळ गेले तसा तो एक पाऊल मागं सरला. "दर्शन घे, आत्या," म्हणाला, "पण माह्याशी बोलू नको." मी दर्शन घेतलं, कोपऱ्यात बसले आणि संध्याकाळच्या बसनं बालाघाटला परत आले. कुणी थांब म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी थांबले नसते.

प्रशांतच्या रागाचं कारण साधं आहे. दादा जायच्या आधी पंधरा-सोळा दिवस मी त्याला जंगलातल्या तलावावर मुक्कामाला घेऊन गेले होते. भर जानेवारीत, कापडी तंबूत, छातीचं दुखणं असलेल्या माणसाला, आणि त्याच्या मुलाला न विचारता. आता सहा आठवडे झाले. लोक मला समजावतात, वेळ आलीच होती, तू निमित्त. मला या 'निमित्त' शब्दाचा आधार घ्यावासा वाटत नाही. घडलं ते जसं घडलं तसं लिहावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मनोहरदादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आमचं गाव राजेगाव. शेती थोडी आणि खाणारी तोंडं जास्त, म्हणून दादा विशीतच उकव्याला मँगनीजच्या खाणीत लागला आणि चौतीस वर्षं जमिनीच्या पोटात उतरत राहिला. आंघोळ केली तरी त्याच्या कानांमागं काळी रेघ उरायची, वहिनी ती पदरानं पुसायची. बोलणं कमी. पण आकाशाखाली बसायची त्याला भूक होती, दुसरा शब्द सापडत नाही. जेवायचा अंगणात, पेपर वाचायचा अंगणात. एकदा आम्ही सगळे बालाघाटला सिनेमाला निघालो तर हा यायला तयार नाही. "अंधारात बसाचे मले पैसे भेटतात," म्हणाला, "वरून मी कायले देऊ?" आणि सुट्टी आली की सायकलला ताडपत्री बांधून तलावावर. बैहरच्या बाजूला टेकड्यांच्या मधोमध तो तलाव आहे, तिन्ही बाजूंनी सालवृक्ष आणि बांबू, एका बाजूला उंच काठ. तेव्हा तिथं काही सोय नव्हती. दोन झाडांना दोरी बांधून ताडपत्री टाकायची, तीन दगडांची चूल करायची. पळसाच्या पानांत कणकेचे पानगे दाबून निखाऱ्यावर भाजणं हे काम त्याचंच, वहिनीला तो हात लावू द्यायचा नाही. प्रशांत पाच-सहा वर्षांचा असताना बापाच्या पोटावर डोकं ठेवून चांदण्या मोजायचा, चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. पुढं तो शिकायला नागपूरला गेला, तिथंच नोकरी, तिथंच लग्न. तलाव मागं पडला. वहिनीही गेली.

माझ्या आयुष्यात तो तलाव एकदा फार मोठा झाला होता. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी सासर सोडून राजेगावला परत आले. एक पेटी, दोन पातळं आणि मनगटावर एक खूण, जिच्याबद्दल मी पडले असं सांगत होते. घरात येणारं-जाणारं प्रत्येक माणूस विचारायचं, काय झालं, परत कधी जाते. आई रडायची, बाबा बोलायचे नाहीत. चौथ्या दिवशी दादा उकव्याहून आला आणि म्हणाला, "चाल, तलावावर जाऊ." तीन दिवस राहिलो, तो, वहिनी आणि मी. त्या तीन दिवसांत त्यानं मला एकच प्रश्न केला असेल, भाजीत मीठ टाकलं काय. मी पाण्याकडे बघत बसायची. तो लाकडं गोळा करायचा, मासे धरायला बसायचा, एकही धरायचा नाही. तिसऱ्या सकाळी ताडपत्रीची घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुले परत नाही जायचं ना?" मी मान हलवली. "मंग नको जाऊ. बाकी मी पाह्यतो." आणि त्यानं पाहिलं. मी पुढं शिकले, लालबर्‍याच्या शाळेत मास्तरीण झाले, तिथूनच निवृत्त झाले. पण माझं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

निवृत्तीनंतर दादा बालाघाटला माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायला आला. छातीचं दुखणं हळूहळू वाढलं. जिना चढला की थांबायचा, भिंतीला हात लावून उभा राहायचा आणि उगाच भिंतीचा रंग बघितल्यासारखं करायचा. खिशात श्वासाचा पंप असायचा. डॉक्टरांनी दोनच गोष्टी टाळायला बजावलं होतं, थंडी आणि धूर. दिवाळीनंतर प्रशांतनं ठरवलं की बाबांना कायमचं नागपूरला न्यायचं. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. त्यानं एक खोली रिकामी केली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. जानेवारीतल्या एका रविवारी तो गाडी घेऊन येणार होता. त्याच्या आधीच्या बुधवारी दादा माझ्याकडे आला, खुर्चीत बसून श्वास घेतला आणि म्हणाला, "कुंदे, तलावावर आता तंबू भेटतात म्हणते. पलंग-गिलंग राह्यते आत. एक मुक्काम करून येऊ."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"हौ म्हणाले."

"अन् प्रशांत?"

"त्याले सांगतलं मी."

दादाला खोटं बोलता यायचं नाही. बोलताना तो डावा अंगठा बोटांमध्ये दाबून धरायचा, तसा तेव्हाही धरला होता. मी पाहिलं. पाहिलं, आणि गाडी ठरवली. शुक्रवारी दुपारी निघालो. ड्रायव्हर ओळखीचा होता, आम्हाला सोडून तो दुसऱ्या दिवशी सकाळी परत येणार होता. उकव्याला चहाला थांबलो. त्याच्यापुढं फोन लागत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी पर्समधून फोन काढला, प्रशांतचं नाव समोर आणलं. दादानं ते पाहिलं. तोंड वळवून खिडकीतून खाणीच्या रस्त्याकडे बघत राहिला... मी फोन पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली. डॉक्टर, थंडी, नशीब, हे सगळं नंतरचं. माझ्या बाजूनं जे व्हायचं ते त्या चहाच्या टपरीसमोर झालं.

उंच काठावर सहा हिरवे तंबू होते, खाली पाणी. त्या दिवशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. चौकीदारानं खुर्च्या मांडल्या, शेकोटी पेटवली. मी दादाची खुर्ची वाऱ्याच्या उलट बाजूला ओढली, धूर वळला की पुन्हा ओढायची, तो हसायचा. मग त्यानं पानगे करायचे म्हटलं. मी पीठ आणलं नव्हतं, त्यानंच पिशवीत घालून आणलं होतं, पळसाची पानंसुद्धा. मला न सांगता. मी म्हटलं, तू सांग, मी करते. ऐकलं नाही. निखाऱ्यांशी वाकून बसला, दोनदा खोकला, तिसऱ्यांदा बराच वेळ. चौकीदार म्हणाला, "बाबूजी, अब अंदर बैठो, ओस गिर रही है." दादा त्याला म्हणाला, "चौतीस साल अंदर ही बैठा था भैया." पानगे एका बाजूनं करपले. आम्ही ते खाल्ले. तंबूत तीन रजया त्याच्या अंगावर टाकल्या, माझी शाल डोक्याला गुंडाळली, आणि तरी तो खोकत राहिला आणि मी ऐकत राहिले.

उजाडताना बाहेर आले तर दादा आधीच काठावर खुर्ची घेऊन बसलेला. पाण्यावर धुक्याचा थर, त्यातून बदकांचे आवाज, बदकं दिसत नव्हती. मी शेजारी बसले. तो म्हणाला, "कुंदे, मले नाही जायचं नागपूरले."

"काहून? पोरगा एवढं करून राह्यला."

"म्हणूनच ना. दोन खोल्यांचं घर. मी रातभर खोकतो. सून सकाळी उठून कामावर जाते. मले त्याहिच्या घरी मराची लाज वाटते."

आता इथं मला थांबावं लागतं. कारण याच काठावर, तिशीच्या आत असताना, मला 'नाही जायचं' हे म्हणावंही लागलं नव्हतं, त्यानंच माझ्यासाठी म्हटलं होतं आणि पुढचंही म्हटलं होतं. मला फक्त ते परत द्यायचं होतं. मंग नको जाऊ, दादा. माझ्याकडे राहा. बाकी मी पाहते. माझं घर मोठं नाही, पण माझं आहे. शब्द तोंडापर्यंत आले होते. आणि मला प्रशांतचा चेहरा दिसला, लोक दिसले, पोटचा पोरगा असताना बहिणीकडे काहून म्हणणारे. माझंही वय दिसलं, माझे गुडघे, एकटीनं रात्र-रात्र जागणं. मी म्हटलं, "जा, दादा. पोराचं मन नको मोडू." त्यानं मान हलवली. "हौ," म्हणाला, "तेही खरंच आहे." आणि पाण्याकडे बघत राहिला. लोकांना वाटतं मला त्या थंडीचं दुःख आहे. थंडीचं आहेच. पण त्याहून जास्त या उत्तराचं आहे.

रविवारी सकाळी त्याला ताप भरला. दवाखान्यात नेलं, दुपारपर्यंत प्रशांत आला. डॉक्टरनं आम्हा दोघांसमोर विचारलं, "इनको इतनी ठंड कहाँ लगी? कहीं बाहर गए थे क्या?" दादा पलंगावर, नाकातोंडावर मास्क. मला गप्प बसता आलं असतं. मी सांगितलं. प्रशांत म्हणाला, "मले एक फोन करता नाही आला तुले?" मी म्हटलं, "आला असता." दादानं हात वर केला, मास्क सरकवायला लागला, काहीतरी बोलायचं होतं त्याला. नर्सनं हात खाली धरला. दुसऱ्या दिवशी त्याला नागपूरला नेताना मी गाडीजवळ गेले तर प्रशांत म्हणाला, "जागा नाही, आत्या." पुढची सीट रिकामी होती. काचेतून दादाचं फक्त कपाळ दिसलं. तेच शेवटचं. बारा दिवसांनी तो गेला, नागपूरलाच.

तेरवीला मला निरोप आला, गेले, जेवले, परत आले. त्यानंतर तीन आठवड्यांनी प्रशांत बालाघाटला आला, घर रिकामं करायला. किल्ली माझ्याकडे होती, म्हणून भेट झाली. मी किल्ली देऊन निघाले होते, तर आतून म्हणाला, "बस." मी ओट्यावर बसले. तो भांडी पोत्यात भरत होता. भरता भरता विचारलं, "तिथं काय बोलले बाबा?"

मी सगळं सांगितलं. करपलेले पानगे, चौकीदार, धुकं. आणि मग तेही, की त्याला नागपूरला यायचं नव्हतं, आणि का नव्हतं. 'लाज' हा शब्द मी गाळणार होते. गाळला नाही. प्रशांतच्या हातात पातेलं होतं, ते त्यानं खाली ठेवलं.

"अन् तू काय म्हटलं त्याहिले?"

"म्या म्हटलं, जा. पोराचं मन नको मोडू."

तो वळून माझ्याकडे बघायला लागला. "म्हणजे तू माह्या बाजूनं बोलली."

"हौ."

"कायले, आत्या?" एवढंच म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. माझ्या लेखी जो माझा गुन्हा, तो त्याच्या लेखी माझा एकमेव चांगुलपणा निघाला होता, आणि दादा दोघांच्याही हाताबाहेर गेला होता. तोंड धुऊन आल्यावर म्हणाला, "मी तुले माफ केलं असं समजू नको." मी म्हटलं, "नाही समजत." ते आम्हा दोघांनाही बरं वाटलं असावं. मग मी चहा केला, साखर सापडली नाही, तसाच प्यालो.

सामान टेम्पोत चढल्यावर मागच्या अंगणातली खाट तेवढी उरली. दादाची सुतळीची खाट, तो दुपारभर तिच्यावर पडून असायचा. मधे चांगलीच झोळ पडली होती, डोक्याकडे थोडी, कमरेजवळ खोल. प्रशांत म्हणाला, "ही तू घेऊन जा, कसून देतो." तो पायाकडं उकिडवा बसला, दोरीची गाठ सोडली, एक फेरा ओढला. सुतळी करकरली, झोळ वर यायला लागली. तो थांबला. तळहात त्या खोलगट जागेवर ठेवून बसून राहिला, मी उभी होते. मग त्यानं ओढलेला फेरा परत सैल सोडला, होती तिथंच गाठ मारली आणि म्हणाला, "राहू दे अशीच."

दोघांनी धरून खाट दोन गल्ल्या चालत माझ्या अंगणात आणली. तिच्यावर अजून कुणी बसलेलं नाही.